हजीऱ्याला उतरायचंय

डिसेंबरच्या सुरुवातीला बीडहून चाचांचा फोन आला आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, हजीऱ्याला उतरायचं तर तुमच्या स्टेशनवरून रिक्षावाला किती घेतो?" मला आधी नीट कळेचना. आमच्या ग्वाल्हेरला पाहुणे येतात ते किल्ला बघायला, जयविलास बघायला, नाहीतर मग कुणाच्या तरी लग्नाला. हजीरा म्हणजे इथलाच एक भाग, तानसेनची कबर आहे तो, आणि तिथे म्हणून मुद्दाम आठशे-हजार किलोमीटरवरून कोणी निघत नाही. मी म्हटलं, चाचा, आधी घरी लश्करला या, चहा घ्या, हजीरा कुठे पळून जातोय.

चाचा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या सासऱ्यांचे मित्र. दोघांनी बीडला एकाच शाळेत नोकरी केली, सासरे मराठी शिकवायचे आणि चाचा गणित. ताईच्या लग्नात जेवणाच्या पंगती लावण्यापासून वरातीतल्या बैलगाडीपर्यंत सगळं चाचांनीच बघितलं होतं, त्यामुळे आमच्याकडे ते नातेवाईकांच्याच यादीत आहेत. आता वय सत्तरच्या पुढे, चाचींचे गुडघे दुखतात, तरी दोघं मागच्या वर्षी उमराहला जाऊन आले. आणि हजीऱ्याचं खूळ तिथूनच आलं.

झालं असं की मदिनेत असरच्या नमाजनंतर चाचा बसले होते आणि शेजारी जावा बेटावरचे एक आजोबा. थोडी इंग्लिश, थोडी अरबी, बाकी हातवारे, असं त्यांचं बोलणं चाललं होतं. त्या आजोबांनी आपला सिलसिला बोटांवर मोजून म्हणून दाखवला, म्हणजे आपल्या गुरूंचे गुरू, त्यांचे गुरू, असं मागे मागे. आपल्याकडे नाथपंथी लोक परंपरा म्हणून दाखवतात ना, आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, तसंच. त्यात एक नाव आलं मुहम्मद घौस, आणि आजोबांनी चाचांच्या छातीकडे बोट करून म्हटलं, हिंद! ग्वालियर! तुम्ही जाऊन आलात?

"मला नाही म्हणावं लागलं ताई," चाचा मला सांगत होते, "अजमेरला चार वेळा गेलो, दिल्लीला निजामुद्दीनला गेलो, हाजी अलीला तर कितीदा. जाता-येता तुमचं ग्वाल्हेर स्टेशन लागायचं, फलाटावरून गजक घ्यायचो आणि पुन्हा गाडीत बसायचो. आणि तो माणूस समुद्रापलीकडून ते नाव रोज घेतोय."

चाचा गणिताचे, त्यामुळे परत आल्यावर त्यांनी वहीत ती साखळी नीट मांडून काढली होती, बाणबिण काढून. ती वही आमच्या डायनिंग टेबलवर उघडली तेव्हा मी खरंच थक्क झाले. ग्वाल्हेरचे मुहम्मद घौस, शत्तारी या सूफी पंथाचे. त्यांचे शिष्य अहमदाबादचे वजीहुद्दीन अलवी. त्यांचे शिष्य भरूचचे सिबगतुल्लाह, ते मदिनेला जाऊन राहिले आणि घौसांचा 'जवाहिर-ए-खम्सा' हा फारसी ग्रंथ त्यांनी तिथे अरबीत आणला. मग मदिनेतलेच अहमद शिन्नावी, त्यानंतर अहमद कुशाशी. आणि या कुशाशींकडे सतराव्या शतकात सुमात्राच्या आचेहून अब्दुर्रऊफ नावाचा एक विद्यार्थी शिकायला आला, बरीच वर्षं अरबस्तानात राहिला आणि घरी परतताना शत्तारी पंथ सोबत घेऊन गेला, आणि मग तिथून तो जावापर्यंत पोचला. म्हणजे हजीऱ्याच्या त्या गल्लीतून निघालेली गोष्ट अहमदाबाद, मदिना करत थेट इंडोनेशियात.

आणि मी? माझा जन्म लश्करचा. हजीऱ्याच्या त्या आवारात मी किती वेळा गेले असेन त्याला हिशोब नाही. बाबा आम्हाला दर हिवाळ्यात तानसेन समारोहाला न्यायचे, खांद्यावर रजई, पिशवीत शेंगदाणे आणि थर्मासमध्ये चहा. आवारात दोन कबरी आहेत. एक भलीमोठी, घुमटाची, जाळ्यांची. आणि बाजूला एक छोटी, चौथऱ्यावर, खांबांवर उभी, चारी बाजूंनी मोकळी. लहानपणी आम्हाला वाटायचं की मोठी म्हणजेच तानसेनची असणार, कारण आम्ही ऐकलेलं मोठं नाव तेच होतं. छोटी तानसेनची आहे हे कळलं तेव्हाही मोठी मग कोणाची, हे मी विचारलं नाही. शाळेच्या सहलीत आम्हाला चिंचेचं झाड दाखवलं, पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणाले, आम्ही ओरबाडून ओरबाडून खाल्ला, दात आंबले आणि परत आलो. घौस साहेबांबद्दल एक वाक्य कोणी बोललं नाही. चाचांची वही बघताना मला ते फार लागलं.

म्हणून ते यायच्या आधी मी आठवडाभर जे मिळेल ते वाचत बसले होते. बाबरनाम्यात घौस आहेत. १५२६ मध्ये बाबराच्या माणसांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिरायला त्यांच्याच सल्ल्याची मदत झाली, आणि पुढे ज्या रहीमदादला बाबराने किल्ला दिला होता तो बिथरला, तेव्हा त्याला माफ करा म्हणून सांगायला १५२९ मध्ये हेच गेले आणि बाबराने माफ केलं. त्यांचे मोठे भाऊ शेख फूल हुमायूनच्या मर्जीतले, त्या राजकारणातच त्यांचा खून झाला. शेरशहा आला तसं घौसांना ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावं लागलं. तिथे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, त्यांच्यावर उठले, कारण आपल्याला मेराज झाला, म्हणजे आपला आत्मा आकाशं ओलांडून वर गेला, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मोठे विद्वान अली मुत्तकी यांनी त्यांच्याविरुद्ध फतवा दिला. आणि त्या वादात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते वजीहुद्दीन, जे त्यांना भेटून त्यांचेच शिष्य झाले. ती भेट झाली नसती तर वहीतली साखळी तिथेच तुटली असती.

पण या सगळ्यात मला जे सर्वात जास्त आवडलं ते बदायुनीने लिहिलेलं. बदायुनी म्हणजे अकबराच्या दरबारातला इतिहासकार, अतिशय कडक माणूस, फारसं कोणाबद्दल चांगलं लिहीत नाही. त्याने १५५८-५९ च्या सुमारास आग्र्याच्या बाजारात घौसांना लांबून पाहिलं. लोकांची ही गर्दी, आणि घोड्यावरचा हा म्हातारा डावीकडे उजवीकडे प्रत्येकाला वाकून सलाम करतोय, इतका की त्याला खोगिरावर सरळ बसायलाच मिळत नाहीये. बदायुनीला भेटायची इच्छा होती पण मग त्याला कळलं की हा माणूस हिंदूंसाठीसुद्धा उठून उभा राहतो, त्यांना ताजीम देतो, तेव्हा त्याचं मन उडालं आणि तो गेलाच नाही. मी ते दोनदा वाचलं. ज्या गोष्टीसाठी त्याने जाणं रद्द केलं तीच वाचून मला वाटलं की आपण इतकी वर्षं जात होतो आणि भेटलोच नाही.

आणखी एक त्यानेच लिहिलंय. घौस कधीही 'मी' म्हणायचे नाहीत, स्वतःला फकीर म्हणायचे. फारसीत 'मन' म्हणजे मी, आणि मण, आपला धान्याचा मण, तोही 'मन'च लिहितात. तर कुणाला धान्य द्यायला सांगताना तो शब्द तोंडात येऊ नये म्हणून ते म्हणायचे, अमक्याला इतके मीम-नून द्या. म आणि न ही नुसती अक्षरं. चाचांना मी हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्पच बसले, मग वहीत त्यांनी उर्दूत दोन अक्षरं लिहिली आणि भोवती चौकोन केला, गणिताचं उत्तर आलं की करायचे तसा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गोरखीला गेलो, शिंद्यांचं देवघर आहे तिथे. महाराज बाड्याच्या चौकाला लागूनच. खरं तर बीडच्या माणसाने ग्वाल्हेरला यायचं कारण हे असायला हवं, कारण महादजी शिंद्यांचे गुरू मन्सूर शाह हे बीडचे. चाचांच्या घरापासून त्यांचा दर्गा लांब नाही. १७६१ ला पानिपतावर महादजी पायाला कायमचे जायबंदी झाले आणि राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना बैलावर घालून बाहेर काढलं, हे आपल्याला माहीतच असतं, आणि त्याला पुढे महादजी भाऊच मानत. पण शिंद्यांच्या देवघरात एका मुसलमान अवलियाची जागा आहे, दरवर्षी उरूस होतो, हे ग्वाल्हेरबाहेरच्या मराठी माणसाला सांगितलं की तो माझ्याकडे बघतच राहतो. उरुसात फुलं ठेवतात आणि त्यातलं फूल आपोआप पडलं की मन्सूर शाह बाबांचा कौल मिळाला असं इथले जुने लोक सांगतात. आम्ही बाहेरूनच हात जोडले, चाचांनी फातिहा म्हटली. चाची म्हणाल्या, "हे तर आपलं माहेरचंच निघालं की वो."

किल्ल्यावर दुसऱ्या दिवशी गेलो, धुकं इतकं की खालचं शहर दिसलंच नाही. चाचींना मानसिंगाच्या महालात फार चालवेना म्हणून आम्ही दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. गुरू हरगोबिंद साहेबांना जहांगीरने याच किल्ल्यात ठेवलं होतं, शीख भाविक जगभरातून इथे येतात ते त्यासाठी. पण त्याच जहांगीरने १६१९ मध्ये शेख अहमद सरहिंदी यांनाही इथेच कैदेत पाठवलं होतं, ज्यांना नक्शबंदी या सूफी पंथाचे लोक मुजद्दिद अल्फ सानी म्हणतात. साधारण वर्षभर ते इथे होते. सरहिंदला त्यांच्या रौझ्यावर, म्हणजे कबरीवर, अफगाणिस्तान-पाकिस्तानातून माणसं येतात, त्यांचा सिलसिला तुर्कस्तानपर्यंत गेलेला आहे, आणि या किल्ल्यावर त्यांच्या नावाची साधी पाटी मला तरी कुठे दिसली नाही. तिथला एक गाइड एका ग्रुपला सांगत होता ते सगळं महालाचं आणि राण्यांचं. चाचांनी त्याला थांबवून विचारलं, तर तो म्हणाला, साब, ये नाम पहली बार सुना. चाचांनी त्याला नाव कागदावर लिहून दिलं आणि म्हणाले, बेटा, पुढच्या वेळी कोणी टोपीवाला आला तर सांग, खूष होईल.

मला मनापासून वाटतं की जियारतच्या, म्हणजे दर्ग्यांच्या दर्शनाच्या, टूर काढणारे जे लोक आहेत त्यांनी ग्वाल्हेरचा एक दिवस ठेवावा. दिल्लीहून भोपाळकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबतात. दिल्ली-आग्रा-अजमेर हे ठीकच आहे, ते कोणी सोडू नये, पण गर्दीत ढकलाढकलीत दोन मिनिटं चादरीला हात लावून बाहेर पडणं आणि एखाद्या जागी अर्धा दिवस निवांत बसायला मिळणं यात फरक आहे. हजीऱ्याला तो अर्धा दिवस मिळतो. शिवाय किलागेटजवळ जामा मशीद आहे औरंगजेबाच्या काळातली, फूलबागेत मोती मशीद आहे, आणि त्याच फूलबागेत गोपाळ मंदिर आणि गुरुद्वारा, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजीरा. मुद्दाम समारोहाच्या पहिल्या दिवसाची सकाळ गाठली होती. आम्ही लवकर पोचलो, मंडपवाले अजून सतरंज्या झटकत होते. चाचा सरळ मोठ्या घुमटाकडे गेले. चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांना षटकोनी बुरूज, वर मोठा घुमट, त्यावर एकेकाळी निळ्या फरश्या होत्या. घौस १५६३ मध्ये गेले आणि अकबराच्या काळात हे उभं राहिलं. आतल्या खोलीभोवती चारी बाजूंनी व्हरांडा आहे आणि त्याला बाहेरून दगडी जाळ्या. लहानपणी आम्ही याच व्हरांड्यात लपाछपी खेळायचो, जाळीला डोळा लावून.

चाची भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले. आणि चाचा आत फातिहा म्हणून आल्यावर जाळीसमोर मांडी घालून बसले ते उठेचनात. खिशातून चष्मा काढला, दुसरा, जवळचा. बोटाने एकेक रेघ गिरवायला लागले. "हे बघ ताई, हा षटकोन. आता याची बाजू वाढव. वाढवली? झाला तारा. आता ताऱ्याचं टोक पुढच्याला मिळतं की नाही बघ." मी बघितलं, मिळत होतं. एवढ्यात धुकं थोडं विरळ झालं आणि ऊन आलं, आणि ते सगळे तारे जमिनीवर पडले, चाचांच्या पांढऱ्या पायजम्यावर, चाचींच्या सुजलेल्या गुडघ्यांवर, बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर. बाटलीतून आरपार जाऊन फरशीवर एक तारा हलत होता. शेजारची जाळी बघितली तर तिची नक्षी वेगळी. त्याच्या पुढची अजून वेगळी. चाचांनी वहीत तीन-चार काढून घेतल्या, नातवाला देणार म्हणाले, पुस्तकातल्या भूमितीपेक्षा ही बरी.

तिथे बसून मी त्यांना 'बहर-उल-हयात' बद्दल सांगितलं. 'अमृतकुंड' नावाचा योगाचा ग्रंथ होता, तो घौसांनी फारसीत आणला, गुजरातेत असताना. त्याची एक सचित्र प्रत १६०० च्या सुमारास शहजादा सलीमसाठी अलाहाबादला तयार झाली, त्यात आसनं करणाऱ्या जोग्यांची २१ चित्रं आहेत, आता ती डब्लिनला चेस्टर बीटी लायब्ररीत असते. योगासनं अशी ओळीने चित्रांत दाखवणारं तिच्या आधीचं पुस्तक अजून कुणाला सापडलेलं नाही म्हणतात. चाचांना याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, आमच्याकडे दौलताबादला चांदबोधले होते, कादरी पंथाचे, जनार्दनस्वामींचे गुरू तेच असं मानतात, म्हणजे नाथमहाराजांचे आजेगुरूच की. आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद, त्यांनी तर 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. "एकाच विहिरीचं पाणी असतं ताई. पोहरे निरनिराळे."

दहाच्या सुमाराला बाहेर सनईचे सूर लागले. तानसेनच्या कबरीसमोर सतरंजीवर लोक जमले होते, निम्मे टोपी-मफलरमधले म्हातारे. हा समारोह १९२४ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात उरूस म्हणून सुरू झाला आणि आजही त्याची सुरुवात तशीच होते: आधी ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, मग चादर. ढोलीबुवांचा मठ नाथपंथी, आमच्या लश्करातला, मराठी घरांमध्ये त्यांचा मान मोठा. माझी आजी त्यांच्या कीर्तनाला न चुकता जायची. ग्वाल्हेरच्या गाण्याचंही हेच आहे, हद्दू खां-हस्सू खांची गायकी वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ती महाराष्ट्रात घेऊन गेले, आणि निसार हुसेन खां तर इथल्या शंकर पंडितांच्या घरीच राहायचे.

हरिकथा चालू असताना चाचा मांडीवर हलकेच ताल धरून ऐकत होते. शेवटी सगळे नामघोषाला लागले तेव्हा ते नाव घेत नव्हते पण टाळी चुकत नव्हती. मग मौलाना साहेब आले, मिलाद सुरू झाला. हरिकथेला आलेले आमच्या आळीतले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, घरी निघाले असतील असं मला वाटलं, पण ते तिथेच बसून राहिले, काठी आडवी मांडीवर ठेवून. शेवटी सलामला सगळे उठायला लागले. चाचांना एकदम उठता येईना, एक हात जमिनीवर टेकवून ते प्रयत्न करत होते, तर त्या आजोबांनी आधी स्वतः काठीवर उठून दुसरा हात चाचांना दिला. मग दोघंही उभे राहिले, हात धरूनच, सलाम संपेपर्यंत. मीही उठले. चाची माझ्या खांद्याला धरून उठल्या. बदायुनीचं ते मी वाचलेलं होतं म्हणून असेल, पण मला त्या वेळी मागे वळून घुमटाकडे बघायचा धीर झाला नाही, डोळे भरून आले होते.

चिंचेचा पाला चाचांनी नाही खाल्ला, म्हणाले गायचं कुठे आहे आता मला. चाचींनी मात्र चार पानं रुमालात बांधून घेतली, सुनेला बाळ व्हायचंय, तिचा आवाज चांगला आहे म्हणून.

रात्री गाडी धुक्यामुळे तीन तास लेट होती. एक नंबर फलाटावर बाकड्यावर बसलो होतो, मधे गजकचा डबा. चाचांनी मोबाइल माझ्याकडे दिला, त्या जावाच्या आजोबांना फोटो पाठवायचे होते, सकाळी मी काढलेले. मदिनेत त्यांच्या नातवाने नंबर सेव्ह करून दिला होता. मी घुमटाचा पाठवला, कबरीचा पाठवला, आणि जमिनीवरच्या ताऱ्यांचा. बराच वेळ एकच टिक. तिकडे तर मध्यरात्र उलटून गेलेली असणार, मी म्हटलं आता सकाळीच बघतील. पण गाडीची अनाउन्समेंट व्हायच्या थोडं आधी दोन टिका झाल्या, निळ्या झाल्या, आणि एक व्हॉइस मेसेज आला.

चाचांनी फोन मध्ये धरला, आम्ही तिघं वाकलो. चाचींनी पदर डोक्यावर घेतला. म्हाताऱ्या आवाजात आधी फातिहा होती, सावकाश, मधेमधे थांबत. मग काहीतरी त्यांच्या भाषेत, आम्हा तिघांनाही न कळणारं, आणि त्यात एक शब्द तेवढा आम्हाला ओळखू आला, ग्वालियर. शेजारच्या फलाटावरून मालगाडी धडधडत गेली म्हणून शेवट ऐकू आला नाही. ती पूर्ण जाईपर्यंत चाचा थांबले आणि त्यांनी मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.